पंपाच्या खोलीत गाद्या

आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये पाण्याचा एक पंप आहे. त्याच्यावर मी जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात कोणा माणसावर चिडले नसेन. आणि माणसांवर मी काही कमी चिडत नाही, आमच्या घरी कोणालाही विचारा.

वर्ध्यातला हा फ्लॅट घेताना अल्लीपूरचं घर विकावं लागलं. घर गेलं म्हटल्यावर सासूबाई आमच्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. त्यांना जिने चढावे लागू नयेत म्हणून आम्ही मुद्दाम तळमजला घेतला. मागची खोली त्यांना दिली. तिथे ऊन कमी यायचं आणि खिडकीतून कडुनिंब दिसायचा. घरातली सगळ्यात चांगली खोली आपण आईंना दिली, असं आम्हा नवराबायकोला मनापासून वाटलं होतं. त्या खोलीच्या बरोबर खाली पंप आहे, हे घर बघताना कोणीच बघितलं नाही. कोण बघतं? आपण ओटा बघतो, नळाला पाणी आहे का बघतो, देवघर कुठे बसेल ते बघतो.

हा पंप एकदा टाकी भरली की गप्प बसणाऱ्यातला नव्हता. वरच्या मजल्यांवरच्या लोकांना शॉवरला जोरात धार पाहिजे होती, म्हणून सोसायटीनं प्रेशरचा पंप बसवला होता. कोणीही नळ उघडला की तो आपोआप सुरू होतो. एवढ्या बिऱ्हाडांत कोणाचा ना कोणाचा नळ उघडा असतोच, कोणी भांडी घासतं, कोणी गॅलरी धुतं, कोणी पोरांना आंघोळ घालतं. म्हणजे दिवसभर पंप चालू. सुरुवातीला त्याची कडकड यायची आणि सोबत एक बारीक शिट्टी. ती शिट्टी सगळ्या बिल्डिंगला ऐकू यायची, आणि सगळेच कुरकुर करायचे.

सोसायटीच्या अध्यक्षांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणते. त्यांनी आपल्या धंद्याच्या हिशोबानं उपाय केला. पंप हलतो म्हणून आवाज येतो ना, मग हलायलाच नको. त्यांनी स्वतःच्या दुकानातले जाड बोल्ट आणले, पंप खालच्या काँक्रीटला करकचून आवळला. पाइप जिथून भिंतीत शिरून वर जातो, तिथली फटही सिमेंटनं गच्च लिंपून टाकली. कडकड थांबली. शिट्टी राहिली. आणि त्याच दिवसापासून आई म्हणायला लागल्या, "बाई, घुमून राह्यलं."

"काय घुमून राह्यलं, आई?"

"मले का माईत. भिंत घुमते. मंग छातीत घुमते."

मी दारात उभी राहून ऐकलं. मला शिट्टीशिवाय काही ऐकू आलं नाही. वय झालं की कानात काहीबाही वाजतं, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाला लागले. पण एका दुपारी त्यांच्या पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, पाठ भिंतीला टेकलेली, आणि वर कोणाचा तरी नळ सुटला. ते कानाला ऐकू आलं नाही. पाठीतून आलं. पिठाच्या गिरणीबाहेर उभं राहिलं की पायाखाली जाणवतं ना, तसं. थोडा वेळ बसून राहिले तर दात आवळले गेले होते, हे नंतर लक्षात आलं.

मग आम्ही पलंग हलवला. दुसऱ्या कोपऱ्यात तर जास्तच. खोलीच्या मधोमध पलंग टाकला तेव्हा बरं होतं, पण तिथून दार उघडेना आणि येताजाता सगळ्यांचे गुडघे फुटायला लागले. हॉलमध्ये झोपून बघितलं, तिथेही भिंतीतून पाइप गेलेला. शेवटी आईंनी स्वयंपाकघरात सतरंजी टाकली. तिथे काहीच येत नव्हतं. त्या तिथे खूश होत्या. मला म्हणाल्या, "इथं बरं हाय. तुह्यावर लक्ष बी राह्यते, तेल किती टाकते ते."

पण आमच्या यजमानांचं कापडाचं दुकान. घरी माणसांची ये-जा. एका सकाळी देवळीचे एक व्यापारी चहाला आले आणि त्यांनी आईंना ओट्याखाली निजलेलं बघितलं. ते काही बोलले नाहीत. ते गेल्यावर यजमान बोलले, आणि चांगलं तासभर बोलले.

"लोक का म्हणतीन? एवढा फ्लॅट घेतला अन् मायले चुलीपाशी टाकलं?"

"आवाज येते न त्या खोलीत," मी म्हटलं.

ते ताडताड खोलीत गेले, मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. "कुठं येते? शिट्टी येते, तेवढी तं सगळ्याइलेच येते." झालं. आईंची सतरंजी पुन्हा खोलीत गेली. लेकाची अब्रू जाते म्हटल्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

गाद्यांची कल्पना आईंचीच. हे सांगताना मला त्यांचा अभिमानही वाटतो आणि रडूही येतं. अल्लीपूरला त्यांच्या घरी दिवाळीनंतर वेचणीचा कापूस यायचा आणि भाव बरा येईपर्यंत घरातच भरून ठेवायचे. मागची खोली पार आढ्यापर्यंत कापसानं गच्च. त्या सांगायच्या, त्या खोलीत गेलं की घर मुकं व्हायचं. बाहेर बैलगाडी आली तरी कळायचं नाही. लहानपणी पोरं लपाछपीत कापसात शिरली की हाका मारून मारून घसा सुकायचा, पण ओ यायची नाही. "कापूस समदं गिळून घेते," त्या म्हणाल्या. "त्या पंपाच्या खोलीले कापूस लावा. मंग पाहा."

हे ऐकून हसणारं कोणीच नव्हतं, कारण सगळ्यांनी लहानपणी तशी खोली बघितली होती. आमच्या बिल्डिंगमध्ये असं एक घर नाही ज्याची कुठे ना कुठे कापसाची पऱ्हाटी नव्हती, आंजीला नाही तर देवळीकडे, नाही तर हिंगणघाटकडे. प्रत्येकाला पटलं. अध्यक्षांना तर फारच पटलं. आई स्वतः प्रत्येक मजल्यावर लिफ्टनं गेल्या, दारोदार बसल्या, चहा प्यायल्या. जुन्या गाद्या द्या म्हणाल्या. लोकांनी दिल्या. काहींनी तर बऱ्या दिल्या. सगळ्यात पहिली गादी आईंची. शेत विकलं त्या साली शेवटच्या वेचणीचा कापूस त्यांनी बाजूला काढून पिंजाऱ्याकडून भरून घेतला होता, ती. मी म्हटलं, ती नका देऊ. त्या म्हणाल्या, "मीच नाई देल्ली तं लोक कायले देतीन?"

दोन्हीकडच्या भिंती, छत, दाराची आतली बाजू, सगळीकडे गाद्या. तारांनी बांधल्या, पट्ट्या ठोकल्या. पंपाची खोली पाळण्यासारखी मऊ झाली. पंप सुरू केला. आम्ही सगळे पार्किंगमध्ये कान देऊन उभे. शिट्टी गेली. खरंच गेली, ऐकूच येईना. वरच्या मजल्यावरच्या बाया खाली येऊन आईंच्या पाया पडल्या.

त्या वर्षी गणपतीत सोसायटीनं आईंचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. इंजिनियरला जे जमलं नाही ते आमच्या आजीनं केलं, असं ते म्हणाले, टाळ्या पडल्या. यजमानांची छाती फुगली. फोटो काढले, ते अजून मोबाइलमध्ये आहेत. त्या फोटोत आई हसत आहेत, पण त्यांचा एक हात खुर्चीच्या दांडीवर आहे आणि बोटं पार आवळलेली आहेत. हे मला तेव्हा दिसलं नाही.

हिवाळ्यात देवळीच्या आमच्या चुलतसासूबाई घरी आल्या आणि सहज म्हणाल्या, "तुह्यी सासू कुठं जाते व रोज? मले स्टँडवर दिसली. परवा बी दिसली." मी म्हटलं, त्या भजनाला जातात, राममंदिरात. मला तसंच सांगितलं होतं. सकाळचं जेवण झालं की आई जायच्या आणि संध्याकाळी यायच्या.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. हिंगणघाटकडच्या गाड्या लागतात, अल्लीपूरचीही लागते, तिथे एका बाकड्यावर त्या बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, कंडक्टर ओरडत होते, भोंग्यावर गावांची नावं चालली होती. आणि आई त्या सगळ्या गोंगाटात चक्क डुलक्या घेत होत्या. मी शेजारी बसले तरी जाग आली नाही. एवढा शांत चेहरा मी त्यांचा घरी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. मला इतका राग आला की काय सांगू, आणि तो कोणावर काढावा तेही कळेना.

"आई, इथं काऊन बसल्या?"

त्या दचकल्या. मग मला बघून पदर सावरला. "इथं नुसता कानाले आवाज येते. त्याचं काई नाई."

"म्हणजे घुमणं अजून आहेच?"

"जास्त झालं, बाई. पयले ते शिट्टी होती, तिच्यामागं थोडं झाकून राह्यत जाय. आता शिट्टी नाई. आता निस्तं तेच राह्यते."

"मग बोलल्या काऊन नाई?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी. "लोकाइनं अंगाखालच्या गाद्या काढून देल्ल्या. शाल देल्ली. आता कोण्या तोंडानं सांगू?" आणि माझा हात धरून म्हणाल्या, "तुले माही शपथ, कोणाले सांगशीन नोको."

मी शपथ बिपथ मानत नाही. घरी आले आणि यजमानांना सांगितलं. ते मुकाट्यानं उठले, आईंच्या खोलीत गेले. मी दाराबाहेरच होते. "आई, खरं सांग. अजून आवाज येते का तुले?" आणि आई काय म्हणाल्या असतील? "नाई रे बापा. मले काईच नाई येत. थे बुढ्या बाया असतात न स्टँडवर, गावाकडच्या, त्याइच्याशी बोलाले जातो म्या." ते बाहेर आले आणि माझ्याकडे असे बघत होते की जणू मी मायलेकरात भांडण लावणारी कोणी कैदाशीण आहे.

संक्रांतीच्या सुमारास माझा भाऊ नागपूरहून आला. तो एका मोठ्या हॉटेलातली यंत्रं सांभाळतो. मी त्याला चहाही न देता बेसमेंटमध्ये नेलं. त्यानं गाद्या बघितल्या, आधी हसला, मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. त्यानं सांगितलं ते मला अजून पाठ आहे. कापूस बारीक आवाज खातो, जाड आवाज नाही. जाड आवाज हवेतून येतच नाही, तो काँक्रीटमधून चालत येतो. तुमच्या अध्यक्षांनी पंप स्लॅबला आवळला म्हणजे सगळी बिल्डिंगच पंपाला बांधून टाकली. पंप उचलून जड चौकटीवर ठेवायचा, चौकटीखाली स्प्रिंगा किंवा जाड रबर. पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबराचा लवचिक तुकडा घालायचा. भिंतीतलं ते सिमेंट फोडून पाइप मोकळा करायचा आणि फट मऊ वस्तूनं भरायची. पाइपाच्या पकडींखालीही रबर. "आणि या गाद्या आधी काढा," तो म्हणाला, "मोटर गरम होऊन कधी पेटेल, कळणार पण नाही."

पुढे हे सगळं तसंच केलं, एकेक गोष्ट, आणि खोली गप्प झाली. पण तेव्हा त्या खोलीत कोणी राहत नव्हतं.

मी सोसायटीत अर्ज केला, मागे लागले, भांडले. आधी लोक म्हणाले, सुनेचा भाऊ आहे, त्याचंच काहीतरी विकायचं असेल. मग म्हणाले, एवढ्या मेहनतीनं लावलेल्या गाद्या काढायच्या? होता होता उन्हाळा लागला, तेव्हा एकदाची पार्किंगमध्ये मीटिंग बसली. काम करायचं तर दोन दिवस पाणी बंद ठेवावं लागणार होतं. तिसऱ्या मजल्यावर पुढच्या महिन्यात लग्न होतं, त्यांचे पाहुणे आतापासूनच यायला लागले होते. त्या घरच्या बाईंनी तर तोंडावर पदरच घेतला. अध्यक्ष म्हणाले, "वयनी, वाद कायले पायजे? ज्याइले तरास होते म्हणता, त्याइलेच इचारू." आणि त्यांनी आईंना बोलवायला पाठवलं.

आई आल्या. सगळे उठून उभे राहिले, इतका मान होता त्यांना. खुर्ची दिली. अध्यक्षांनी विचारलं, अगदी प्रेमानं विचारलं, "आजी, सांगा बरं, आवाज येते का अजून?"

मी त्यांच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोला आई, आता एकदाचं बोला, मी आहे ना बाजूला. त्यांनी लग्नघरच्या बाईंकडे बघितलं, गाद्या देणाऱ्या सगळ्यांकडे बघितलं, लेकाकडे बघितलं.

"नाई," त्या म्हणाल्या. "काईच नाई येत. मस्त झालं."

घरी आल्यावर मी भांडी आपटली. त्या माझ्या मागे स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "माह्या एकटीसाठी साऱ्याइचं पाणी बंद? लग्नाच्या घरी? नाई व माय." आणि लगेच, "भाजीत मीठ कमी हाय तुह्या." मला हसायला आलं आणि त्याचाच जास्त राग आला.

मे महिन्यात वर्ध्याचं ऊन कसं असतं ते ज्यानं काढलं त्यालाच माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. तरी आई स्टँडवर जायच्या. मी त्यांच्या डोक्याला ओला रुमाल बांधून द्यायचे, कांदा द्यायचे, दुपारी स्वतः जाऊन घेऊन यायचे. एवढंच माझ्या हातात होतं. मग लग्न आलं. बिल्डिंग पाहुण्यांनी भरली, सगळ्या मजल्यांवर नळ सुटलेले, पंपाला एक क्षण उसंत नाही. हळदीच्या दिवशी शेजारधर्म म्हणून मला वर जावंच लागलं. आई सकाळी उठून चहा न घेताच निघून गेल्या होत्या, ओला रुमाल इथेच राहिला. मी वर हळद लावत होते तेव्हा यजमानांना स्टँडवरून फोन आला. बाकड्यावरून कोसळल्या होत्या. लोकांनी पाणी मारलं, सावलीत नेलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं. त्या मला ओळखत नव्हत्या. संध्याकाळपर्यंत गेल्या.

लोकांना कारण लगेच सापडलं. गावाची ओढ. अल्लीपूरची गाडी बघत बसायच्या म्हणे बिचाऱ्या, घर विकलं ते जिवाला लागलं. यजमानांनाही तेच पटलं, आणि घर विकायचा निर्णय त्यांचा होता म्हणून ते आतून पार खचले. मी काही बोलायला गेले तर म्हणायचे, आता राहू दे. आणि खरं सांगते, माझ्यातही तेव्हा भांडायचं बळ उरलं नव्हतं.

तेरवीला सगळी बिल्डिंग जेवायला आली. अध्यक्ष जेवण झाल्यावर हात धुऊन आमच्याजवळ आले. डोळे खरोखर ओले होते त्यांचे. "वयनी, एक मात्र बरं झालं," ते म्हणाले. "त्या आवाजाचा तरास तं सुटला होता. शेवटचे दिवस शांततेत गेले बुढीचे."

यजमानांनी हात जोडले. "तुमचे उपकार," म्हणाले.

मी वाद न घालता पत्रावळी उचलायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं असेल.

पाहुणे हॉलभर आडवे झाले होते. यजमान रात्रीपासून जागे होते, त्यांना पाठ टेकायला घरात जागा नव्हती. मी म्हटलं, आईंच्या खोलीत पडा. ते गेले. मी पत्रावळी गोळा करत होते. वरच्या मजल्यांवर आमच्याच तेरवीची मोठी भांडी घासायला दिलेली, सगळे नळ धो धो चाललेले. थोड्या वेळानं ते खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. केस विस्कटलेले, एक हात छातीवर.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी खोलीतल्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"उशीवर डोकं ठेवलं तं... हे रोज होतं?"

"रोज," मी म्हटलं.

मग ते म्हणाले, "मी इचारलं होतं तिले. तं नाई म्हणे."

मी पत्रावळी खाली ठेवल्या आणि त्यांच्याजवळ गेले. ते पुन्हा आत वळले, आईंच्या उशाशी भिंतीवर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, हे थांबलं की येतो. वर भांडी घासणं चालूच होतं. पंप काही थांबला नाही.